हलक्या हाताने बिघडलेला गिअर

प्रिय वन्सं,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला इकडचं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, आणि मी ते लिहिलंही होतं. पण आई (तुमच्या, माझ्या शेजारीच खुर्चीत बसून मटार सोलतायत) म्हणाल्या, असं लिहिलंस तर ती लगेच ओळखेल काहीतरी बिघडलंय म्हणून. तेव्हा ते खोडलं. इकडे सगळं ठीक नव्हतं, पण आता बरंचसं ठीक झालंय, आणि मधल्या काळात काय काय झालं ते सांगण्यापुरतंच हे पत्र आहे. त्यात मागणं काही नाही. पाकिटावर तिकीट का नाही असा प्रश्न पडला असेल, तर तो जरा बाजूला ठेवा.

तुमचे गुडघे कसे आहेत? धक्क्याच्या पायऱ्या सोसवत नाहीत म्हणून तुम्ही आपली तरीची होडी सोडून शहरात गेलात आणि बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतलीत, हे कळल्यापासून आम्ही सगळे तुमच्या गुडघ्यांबद्दल फार आदराने बोलतो. आईंची तब्येत उत्तम आहे. ऐकू कमी येतं असं त्या म्हणतात, पण त्यातही निवड असते. तुम्हाला पत्र लिहायचं हे मी मनातल्या मनात ठरवलं तेव्हाच त्यांना ऐकू आलं होतं.

घर मात्र फार शांत झालंय. तुम्ही कपाट लावलंत की पलीकडच्या खोलीतलं कॅलेंडर खिळ्यावर डुलायचं. आता ते वर्षभर सरळ आहे. दारं लागतात, पण लागल्याचं कळत नाही. तुमचा भाऊ दाराची मूठ आधी फिरवतो, मग दार चौकटीला नेऊन टेकवतो आणि मग मूठ अशी सोडतो, की जणू आत कुणीतरी नुकतंच झोपलंय. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाची बोटं आहेत ती. आमच्या घरी तो पहिल्यांदा आला होता तेव्हाची गोष्ट तुम्हाला सांगितलीच असेल. त्याने बेल दाबली, पण इतकी हलकी, की ती वाजलीच नाही. पुन्हा दाबणं त्याला आगाऊपणाचं वाटलं. माझे बाबा दूध आणायला बाहेर पडले तेव्हा हा जिन्यात बसलेला, गुडघ्यांवर हात ठेवून. बाबांनी विचारलं, कोण हवंय. तर म्हणाला, सवडीने उघडा, घाई नाही. मी त्या 'घाई नाही'वरच भाळले, हे आता चाळिशी उलटल्यावर कबूल करायला हरकत नाही.

आता होडीच्या मोटरकडे येते. गेल्या वर्षी घड्याळाचं दुकान बंद झालं आणि तो तुमच्याबरोबर होडीवर येऊ लागला, तेव्हाचं मी उगाळत बसत नाही. (थोडं उगाळल्याशिवाय मात्र पुढचं समजणार नाही.) तुम्ही नेहमीसारखी गिअरची लिव्हर खट्कन पुढे टाकलीत आणि तो भरल्या होडीत, नर्सबाईंसमोर, मास्तरांसमोर म्हणाला, "ताई, जरा हळू. लागतं तिला." तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, इंजिन बंद केलंत, होडी मधल्या पाण्यात तशीच तरंगत ठेवून जागेवरून उठलात आणि म्हणालात, "घे मग. तूच कुरवाळ." आणि पुढच्या महिन्यात तुमचे गुडघे दुखू लागले.

त्याने खरोखरच कुरवाळली, वन्सं. तुमच्या बाबांच्या वेळी वल्ही होती, तुमच्या वेळी मोटर आली, पण या होडीवर इतकं लाडाचं राज्य कधी आलं नसेल. लिव्हरच्या मुठीला त्याने घड्याळाच्या डब्यांतल्या निळ्या मखमलीची पट्टी गुंडाळली. गिअर टाकायचा म्हणजे तो आधी वेग कमी करायचा (इथपर्यंत तुमच्यासारखंच), मग दोन बोटांनी लिव्हर पुढे सरकवत न्यायचा, तास-काटा जुळवावा तशी, आतून अगदी बारीकसा करकर आवाज येईपर्यंत, आणि मग हळूच आत. लोकांना फार आवडलं. मास्तर म्हणाले, होडी सुटली हे कळतच नाही. नर्सबाई म्हणाल्या, आमच्या दवाखान्यात इतक्या हळू हाताने सुई टोचणारं कुणी नाही. तो सुखावला. मीही सुखावले. त्या बारीक करकरीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. असलंच तर ती मोटर समाधानाने काहीतरी पुटपुटतेय असं आम्हाला वाटायचं.

मग एक दिवस, होडी भरलेली, मीही होडीत, नदीच्या मध्यावर, आतून 'खाड्' असा आवाज आला आणि मोटर गर्जना करू लागली, पण होडी जागच्या जागी विचारात पडली. लिव्हर पुढेच होती. इंजिन जोरात होतं. फक्त पाण्यातला पंखा फिरत नव्हता. त्याने वेग कमी केला, लिव्हर मध्ये आणली, पुन्हा पुढे सरकवली, होडी चार हात गेली, आणि पुन्हा खाड्. होडीत त्या दिवशी कपाटाचं आरशाचं दार घेऊन निघालेला एक सुतारही होता. प्रवाह आम्हाला घेऊन खाली निघाला आणि त्या आरशात आम्हाला आमचाच किनारा लांब जाताना दिसत होता, हे फार वाईट होतं. शेवटी नर्सबाईंनी वल्हं हातात घेतलं. त्या बाईंच्या दंडात काय ताकद आहे, पेशंट उगाच बरे होत नाहीत. खालच्या वळणावर लव्हाळ्यात आम्ही रुतलो. तोवर मास्तरांनी भीती घालवायला मुलांचे पेपर तपासून टाकले होते, आणि सगळेच पास झाले होते. (घाबरलेला माणूस उदार होतो असं त्यांनी नंतर सांगितलं.)

हे नुसतं एवढ्यावर असतं तर आम्ही तुम्हाला कळवलंही नसतं. पण त्याच आठवड्यात जलवाहतूक खात्याचा निरोप आला. सगळ्या तरींची तपासणी होणार. तपासनीस स्वतः होडीत बसणार. होडी पुढे जाते का, थांबते का, मागे येते का आणि धक्क्याला न आपटता लागते का, हे बघणार. यातलं एक जरी जमलं नाही तर हा फेरा वरच्या धक्क्यावरच्या लाँचवाल्याकडे जाणार. लाँचवाला तेव्हापासून आमच्या धक्क्यावर येऊन इकडून तिकडे चालतो आणि पावलांनी जागा मोजतो. आईंनी त्याला विचारलं, काही हरवलंय का. तर म्हणाला, नाही काकू, सापडलंय.

मग शोध सुरू झाला. तुमच्या भावाला तुम्ही काहीही म्हणा, पण बिघाड शोधताना त्याला बघावं. तो मोटरवर चिडत नाही, तिला दोष देत नाही. तो तिला विचारतो आणि वाट बघतो. पहिला संशय पंख्यावर. पंख्याच्या पोटात रबर असतं म्हणे, ते सुटलं की आतला दांडा फिरतो आणि बाहेरची पाती नुसती शोभेला राहतात. हे तपासायचं तर आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून एक रेघ मारायची आणि फेरी मारून यायची. रेघ तुटून दोन्हीकडे गेली तर रबर गेलं. रेघ पाण्यात टिकायला हवी, म्हणून माझ्या नेलपॉलिशची बाटली निघाली. ती मी कितीतरी वर्षांपूर्वी हौसेने आणली होती आणि मग माझ्या हातांकडे बघून ठेवून दिली होती. पंख्याला मात्र लाल रंग फार खुलून दिसला. फेरी मारून आलो, रेघ सरळच्या सरळ. पंखा निर्दोष. मी म्हटलं, मग आता पुसू का. तो म्हणाला, राहू दे, छान दिसतंय.

दुसरा संशय केबलवर, आणि तो मिस्त्रीचा. आपल्या मिस्त्रीचं तुम्हाला माहीतच आहे. कुठलंही दुखणं सांगा, तो केबल म्हणतो. आईंनी खांदा दुखतो म्हणून सांगितलं तर तोही केबलच म्हणाला. जुनी केबल काढली. ती गंजलेली होती, हे खरं. तेल मुरावं म्हणून ती आमच्या कपड्यांच्या दोरीवर टांगली आणि तिने रात्रीच्या चादरींवर स्वतःची सही केली. शेवटी नवीच घातली. आता केबल घालताना काळजी अशी घ्यायची असते, की लिव्हर मध्ये असेल तेव्हा आतला गिअरही मध्येच हवा. दोघांचं एकमत हवं. मिस्त्रीने ते एकमत नजरेने ठरवलं.

त्यामुळे झालं असं, की लिव्हर निवांत मध्ये, तुमचा भाऊ निवांत होडीत, आणि आत गिअर मात्र केव्हाच मागे जाऊन बसलेला. इंजिन चालू झालं आणि होडी मोठ्या रुबाबात उलटी निघाली. दोरी बांधलेली होती, म्हणून आम्ही घाबरलो नाही. पण दोरी ज्या खांबाला होती त्याच खांबाला चहावाल्याने आपलं छप्पर बांधलं होतं, आणि तो खांब कशालाच बांधलेला नव्हता. खांब निघाला, त्याच्यामागे छप्पर निघालं. चहावाला आतच होता. त्याने नुसतं मान वर करून आभाळ बघितलं आणि मला म्हणाला, "वहिनी, नेताय तर न्या, पण आतल्या बाजूला माझा शर्ट आहे टांगलेला." तुमचा भाऊ तोवर छपरासकट पाण्यात बऱ्याच आत पोचला होता आणि लिव्हर पुन्हा पुन्हा हलक्या हाताने मध्ये आणत होता, जिथे ती आधीपासूनच होती. मग त्याने इंजिन बंद केलं. मिस्त्री धक्क्यावर कमरेवर हात ठेवून उभा. म्हणाला, "एक आहे साहेब, रिव्हर्स छान लागतोय."

(छप्पर परत बसवून दिलंय. शर्टही मिळाला. चहावाला आता गिऱ्हाइकांना आपलं दुकान पाण्यात जाऊन आल्याची गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टीत लाटा असतात. खांब आता सिमेंटमध्ये आहे.)

केबल नीट जुळवली. लिव्हर मध्ये म्हणजे आत मध्ये, पुढे म्हणजे पुढे. आणि तरीही, चार माणसं बसवून वेग घेतला की, खाड्. लाँचवाला त्या दिवशी धक्क्यावर खुर्ची घेऊनच आला होता.

मग मोटरचा खालचा भाग उघडायचं ठरलं, पाण्यात बुडलेला असतो तो. होडी ओढून मागच्या अंगणात आणली, मोटर स्टँडवर टांगली आणि तिच्याखाली घमेलं ठेवून आतलं ऑइल सोडलं. ऑइल दुधासारखं पांढुरकं निघालं तर पाणी शिरलंय असं समजायचं. ते तसं नव्हतं. मिस्त्री हिरमुसला, कारण पाणी शिरलं असतं तर ते कुठल्या तरी केबलपाशी शिरलंय असं म्हणता आलं असतं. पण ऑइलचं जे बूच असतं त्याच्या टोकाला लोहचुंबक असतो आणि त्याला लोखंडाची बारीक लव चिकटलेली होती. मिस्त्री म्हणाला, एवढा भुसा निघतोच. तुमचा भाऊ आत गेला आणि त्याचं भिंग घेऊन आला.

वन्सं, दुकान बंद झाल्यापासून ते भिंग मी पाहिलं नव्हतं. त्याने ते डोळ्याला लावलं, तो भुसा पांढऱ्या कागदावर पसरला आणि अंगणातल्या पायरीवर उन्हात बसला. त्या क्षणी तो पुन्हा तोच झाला, ज्याच्या काउंटरपाशी बायका आपल्या वडिलांची बंद पडलेली घड्याळं रुमालात गुंडाळून आणायच्या आणि तो रुमाल उघडायच्या आधी हात पुसायचा. वर्षभर तो आमच्यात वावरत होता, होडी चालवत होता, हसत होता, पण कुठेतरी ठेवून दिल्यासारखा होता, माझ्या नेलपॉलिशसारखा. मला ते आधी कळायला हवं होतं, असं वाटलं. मग वाटलं, आता तरी दिसतंय, बघून घ्यावं. मी मटाराची परात घेऊन तिथेच बसले आणि बघून घेतलं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हा भुसा नाही. हे कोपरे आहेत."

"कसले कोपरे?" मिस्त्रीने विचारलं.

"ते माहीत नाही. पण आत कशाचे तरी कोपरे कमी झालेत."

उघडलं. आत एक दातेरी कडं असतं, वन्सं. तुम्ही इतकी वर्षं ते मागेपुढे करत होता, मला त्याचं नावही माहीत नव्हतं. लिव्हर पुढे टाकली की ते कडं सरकतं आणि त्याचे दात समोर फिरणाऱ्या चाकाच्या खाचांत जाऊन बसतात. बसले की पंखा फिरतो. दात चौकोनी हवेत, धारदार कोपऱ्यांचे. आमच्या कड्याचे दात गोल झाले होते, चोखलेल्या गोळीसारखे. त्यामुळे ओझं आलं की ते खाचेतून निसटायचे. तेच ते खाड्.

तुमच्या भावाने ते कडं हातात घेऊन उन्हात फिरवलं. मग अगदी आशेने मिस्त्रीला विचारलं, "हे जोरात ओढल्याने होतं ना?"

मिस्त्रीला पहिल्यांदाच केबल सोडून दुसरं काही बोलायची संधी मिळाली होती. तो म्हणाला, "जोरात टाकल्याने हे टिकतं, साहेब. हळूहळू सरकवलं की दाताला दात घासत राहतात, आत जायच्या आधी. करकर यायची का?"

"यायची," तुमचा भाऊ म्हणाला.

"बारीक?"

"बारीक. छान."

"तीच ती. गिअर टाकायचा म्हणजे टाकायचा. येऊ का, नको का, असं त्याला विचारत बसायचं नाही. ताई होत्या तोवर हे कधी उघडावं लागलं का?"

आई आतून म्हणाल्या, "एकदाही नाही." (त्यांना ऐकू कमी येतं, हे वर लिहिलंच आहे.)

तो ते कडं घेऊन बसून राहिला. मला वाटलं आता तो काहीतरी बोलेल, तुमच्याबद्दल. पण त्याने ते फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं आणि मोटरकडे बघून म्हणाला, "मग सांगितलं का नाहीस?" ते मोटरला होतं की आणखी कुणाला, मी विचारलं नाही.

नवीन कडं आलं, बसवलं. मोटर आता ठणठणीत आहे. अडचण उरली ती मोटरच्या बाहेरची. लिव्हर जोरात टाकायला त्याला जमेना. निघायचा जोरातच, पण अर्ध्या वाटेवर हात आपोआप सावकाश व्हायचा. आम्ही होडी धक्क्याला बांधली (सिमेंटच्या खांबाला) आणि सराव सुरू केला. आई खुर्ची घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं, रागावल्याशिवाय हात सुटत नाही, म्हणून त्याला रागावलं पाहिजे. मग आम्ही सासूसुनेने मिळून त्याला चिडवायला घेतलं. मी म्हटलं, तुझ्या हातचा चहा कधीच नीट झालेला नाही. तो म्हणाला, हो ना, मलाही तसंच वाटतं. आई म्हणाल्या, लहानपणी ताईच तुझे सगळे लाडू खायची आणि तू गप्प बसायचास. तर म्हणाला, तिला भूक जास्त लागायची. लाँचवाला आपल्या खुर्चीतून म्हणाला, तपासणीच्या दिवशी मी हारतुरे घेऊन येऊ का. त्यालाही हा म्हणाला, या की, सगळेच असू. वन्सं, अशा माणसाचं काय करायचं? माझा राग मात्र त्या लाँचवाल्यावर असा उसळला, की मी तुमच्या भावाला बाजूला सारून लिव्हर धरली आणि टाकली पुढे.

खट्.

करकर नाही, काही नाही. एकच आवाज, आणि होडीने दोरीला असा हिसका दिला, की मला माझाच धाक वाटला. मी पुन्हा केलं. पुन्हा खट्. घरी येऊन मी स्वयंपाकघरातलं कपाट लावून बघितलं. कॅलेंडर हललं. आयुष्यभर मी 'चालेल ना', 'हरकत नसेल तर', 'बघा, जमलं तर' अशीच वाक्यं बोलत आले. त्या सगळ्या वाक्यांच्या आत बारीक करकर असते, हे मला आता ऐकू येतं. आणि तुमचा हात आठवतो. तुम्ही लिव्हरकडे कधी बघत नव्हता. "मास्तर, पाय आत घ्या" म्हणता म्हणता टाकायचात. आम्हाला तो जोर वाटायचा. तो जोर नव्हताच. तुमचं ठरलेलं असायचं, एवढंच.

तर ठरलंय असं, की तपासणीला मी बसणार. पुढे मला उत्तम जमतं. थांबायलाही. मागे घेताना मात्र, कसे कोण जाणे, माझे डोळे मिटतात. नर्सबाईंच्या मते हे सवयीने जाईल. तपासनीसांच्या लक्षात येणार नाही अशी आम्हाला आशा आहे, कारण ते बहुतेक धक्क्याकडे बघत असतील, तो जवळ येत असेल म्हणून. तेव्हा तुम्ही काळजी करू नका, गुडघ्यांना जपा, आणि त्या तिसऱ्या मजल्याचे जिने सावकाश चढा-उतरा. आईंचा तुम्हाला आशीर्वाद आणि मटार.

दारं लावायला नुकतीच शिकलेली,
तुमची भावजय

ता. क. १: वरचं पत्र आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मागणं काही नाही तर एवढी शाई कशाला घातलीस. तर मागणं असं: तपासणी परवा सकाळी आहे. लिव्हरवर तुम्ही बसावं. पुढे, थांबा, मागे आणि धक्का, एवढंच. मागे घेताना मी काय करते ते मी वर जरा सौम्य करून लिहिलंय. काल चहावाल्याने छप्पर स्वतःहून सोडवून ठेवलं.

ता. क. २: आता त्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, वरची ओळ खोड. ताई म्हणजे काय सुटा भाग आहे, अडलं की मागवायला? मी खोडली नाही. मग तो उठून होडीवर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात ती निळी मखमल होती. लिव्हरची मूठ आता उघडी आहे. तुमच्या अंगठ्याने रंग गेलेली जागा पुन्हा दिसते. मागची बसायची फळीही त्याने तुमच्या उंचीला परत बसवलीय. माझे पाय तिच्यावरून लोंबकळतात आणि त्याचे गुडघे हनुवटीला लागतात. हे लिहू का, असं विचारलं. मखमलीची घडी घातली, मग म्हणाला, लिही. आणि तपासणीचं काहीही होवो, फळी तिथेच राहील, हेही लिही.

ता. क. ३: आता तिकिटाचं. हे पत्र टपालाने आलेलं नाही. उद्या पहाटेच्या बसने तोच घेऊन निघतोय. मला म्हणाला, दाराखालून सरकवतो आणि लगेच मागे फिरतो, ताईला उगाच संकोच नको. पण मी त्याला ओळखते. त्याने बेल दाबली असेल. तुम्हाला ऐकू आली नसेल. आणि पुन्हा दाबणं त्याला आगाऊपणाचं वाटलं असेल. तेव्हा वन्सं, इथपर्यंत वाचून झालं असेल तर जिन्यात बघा. तो पायरीवर बसला असेल, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि त्याला घाई नसेल. दार मात्र नेहमीच्या हाताने उघडा. हळू उघडलंत, तर त्याला वाटेल तुम्ही अजून रागावलेल्या आहात.